आंबलेलं अंग

दसरा उलटला की आमच्या गोदामाच्या लोखंडी जिन्याचा आवाज बदलतो. एरवी शिफ्ट सुटली की माणसं त्यावरून धडधडत खाली येतात, सबंध जिना हलतो. सीझनची भरती होऊन दोन दिवस गेले की तिसऱ्या दिवशी मात्र तोच जिना हळू बोलायला लागतो. एक पायरी. थांबा. दुसरी पायरी. कठडा धरून, अंग तिरकं करून, खेकड्यासारखी माणसं उतरत असतात. चढताना कुणी फारसं कण्हत नाही. मांड्यांचं खरं दुखणं उतारावर कळतं.

दिवाळीच्या आधीचे हे दिवस म्हणजे आमच्याकडे नुसता 'सीझन'. कसला ते सांगावं लागत नाही. रॅकच्या गल्ल्यांतून ट्रॉली ढकलत जायचं, खालच्या खणातली वस्तू काढायला उकिडवं बसायचं, उठायचं, पुन्हा चालायचं, पुन्हा बसायचं. पडघ्याकडून, वाड्याकडून, यूपी-बिहारमधून नवी माणसं येतात आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांची चाल एकसारखी होते.

"साब, पूरा बदन जाम हो गया," इरफान म्हणतो. हा ट्रकवर माल चढवतो.

"दो-चार दिन में खुल जाएगा."

"याचं बदन जाम झालं त्याचं काय कौतुक साहेब," मागून कल्पना येत असते, दोन मुलांची आई, जिभेला हाड नाही. "आमची संडासला बसायची पंचाईत झालीय, ते कुणाला सांगायचं?" आणि जिन्यावरच्या सगळ्या बाया हसतात, हसताना पोटंही दुखतात म्हणून 'आई गं' करतात, आणि पुन्हा हसतात.

मग मी माझा प्रश्न विचारतो. दर वर्षी, प्रत्येकाला. "दुखतं कुठं? मांडीत का गुडघ्यात?"

मांडीत, पोटरीत, पाठीत म्हणाले तर मी सोडून देतो. गुडघ्यात म्हणाले तर मात्र सोडत नाही. आत दुखतं का? सूज आहे का? वळताना काही सरकल्यासारखं होतं का? एकाही प्रश्नाला 'हो' आलं की त्या माणसाला खुर्चीवर बसवतो, स्टिकर लावायच्या टेबलावर. वरचे साहेब वैतागतात, सीझनला माणूस बसवून ठेवता म्हणून. पोरांनी माझं नाव 'घुटनासाब' पाडलंय. "घुटनासाब, मेरा तो दिल दुखता है, टेबल मिलेगा क्या?" असंही कुणीतरी विचारून घेतं. मी हसून घेतो.

अठरा वर्षं झाली मला या नोकरीत. शेकडो माणसांना हा प्रश्न विचारला असेल. ज्या एका माणसाला तो वेळेवर विचारायला हवा होता, तिला विचारला नाही. ती माझी बायको, सुमन. आणि नुसता विचारला नाही एवढंच असतं तर हे लिहायला बसलो नसतो. मी फार बोलणारा माणूस नाही. घरातही माझं बोलणं 'हो', 'नाही' आणि 'बघू' यांवर भागतं. पण काही गोष्टी न बोलण्यानं झाकल्या जात नाहीत, त्या न बोलण्यातच वाढतात, हे मला फार उशिरा कळलं.

'आंबणं' हा शब्द मला लहानपणापासून आवडायचा. ताक आंबतं, पीठ आंबतं, तसं अंगही आंबतं. इथल्या हिंदी बोलणाऱ्यांचं अंग तुटतं, अकडतं, जाम होतं. आपलं आंबतं. म्हणजे बिघडलं असं नाही. आत काहीतरी चाललंय, त्याला थोडा वेळ द्या, एवढंच. आणि मग ते 'उतरतं'. ताप उतरतो, सूज उतरते, राग उतरतो, डोक्यावरचा भारा उतरतो, तसंच आंबलेलं अंगही उतरतं. किती दिलासा आहे या दोन शब्दांत! आंबलं ते उतरणारच. आमच्या दिघाशीला, घरोघर, भातकापणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हाच दिलासा एकमेकांना दिला जायचा. माझी आई त्याला तिची पुस्ती जोडायची. "आंबलेलं अंग इळ्यानंच उतरतं." म्हणजे ज्या कामानं दुखलं तेच काम पुन्हा करा. निजून राहिलात तर चार दिवसांचं दुखणं आठ दिवस जाईल. आणि ते खरंही होतं. आंबलेल्या अंगाच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं होतं.

आमचं भात तेव्हा आजच्यापेक्षा पुष्कळ होतं. आता राहिलीत ती दोन खाचरं, बाकीच्या बाजूंनी पत्र्यांच्या निळ्या शेडी उभ्या आहेत. तेव्हा घरासमोरून ओढ्यापर्यंत नुसतं पिवळं. दसऱ्यानंतरच्या पहाटे दव इतकं पडायचं की इळा हातात घेऊन खाचरात उतरलं की पोटऱ्यांपर्यंत भिजायला व्हायचं. ऊन चढलं की तेच भात अंगाला खाजायचं. कापलेल्या भाताचा वास कसा असतो ते मला सांगता येत नाही. कच्च्या तांदळाचा असतो, ओल्या मातीचा असतो, आणि मध्येच कुठंतरी दुधाचा असतो. संध्याकाळी ओटीवर सगळे पाय पसरून बसायचे. चुलीवर निर्गुडीचा पाला घालून पाणी उकळत असायचं. पहिल्या तीन दिवसांत कुणालाही धड मांडी घालता यायची नाही आणि कुणाला काय येत नाही यावर सगळे हसायचे. कण्हणं आणि हसणं यांचा असा मिळून येणारा आवाज मी दुसरीकडे कधी ऐकला नाही. तो आता गोदामाच्या जिन्यावरच पुन्हा ऐकू येतो.

त्या वर्षी त्या आवाजात सुमन होती. मे महिन्यात लग्न झालेलं, पहिलीच कापणी. ती भिवंडीतली. वडील लूमवर मिस्त्री. बिघडलेला लूम नुसता कानानं ओळखायचे. मी बघायला गेलो तेव्हा पोह्यांची ताटली घेऊन ती आली आणि ठेवून आत गेलीसुद्धा, चेहरा नीट दिसलाही नाही. तिचे वडील हसले. "आमची पोर म्हणजे धोटा आहे. ह्या टोकाची त्या टोकाला कधी गेली, कळत नाय." लूममधला धोटा, सुताची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडं पळणारा. मला तिचा चेहरा आवडला असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला तिची चाल आवडली होती. घरात कुणी इतक्या भरभर चालताना मी पाहिलं नव्हतं. लग्नानंतर ती अंगणातून विहिरीकडे जायची तेव्हा तिच्या पैंजणांचा आवाज सुरू व्हायच्या आत संपायचा.

वहिनीला तेव्हा सातवा लागला होता, म्हणून कापणीला बाईमाणूस म्हणजे आई आणि सुमन. दादा, मी आणि गावातली दोन माणसं. पहिल्या दिवशी तिला इळा कसा धरायचा तेही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती आमच्या बरोबरीनं पात धरून चालली. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बसता येईना तेव्हा आई ओटीवरून ओरडली, "आली गं बाय, आली! शहराची पोर आंबली!" सगळे हसले. सुमनही हसली. भिंत धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, माझं अंग आंबलं नाय, नासलं." त्यावर आई इतकी हसली की तिला खोकला लागला. त्या दिवशी त्या दोघी एकमेकींच्या झाल्या असं मला वाटलं होतं.

त्याच दिवशी दुपारी ती पडली. डोक्यावर भारा होता. तो मीच तिच्या डोक्यावर चढवला होता. बांधावरून खाली उतरताना उजवा पाय ओल्या मातीत रुतला आणि भाऱ्याच्या वजनानं वरचं अंग वळलं. पाय तिथंच राहिला. मी चार पावलं मागं होतो. ओला बोरू मोडावा तसा आवाज आला. मी तो ऐकला. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. मी तो आवाज ऐकला होता.

ती उठली. भातावर पडली म्हणून लागलं नाही असं म्हणाली. दोन पावलं चालली आणि खाली बसली. आई आली, गुडघा चाचपला. "आंबलंय गं. आंबलेलं अंग, त्यात मुरडलं. उद्या कामाला लागलीस की मोकळं व्हईल."

"आंबल्यासारखं न्हाय वाटत, आई," सुमन म्हणाली. पाच महिन्यांत ती आमचं 'न्हाय' शिकली होती. "आत काहीतरी सरकतं."

"पहिल्या कापणीला सगळ्यांना असंच वाटतं. काय रे?" आईनं माझ्याकडे पाहिलं. दादाही पाहत होता, त्याच्या ओठांवर हसू होतं. लग्न झाल्यापासून तो मला 'बाईलवेडा' म्हणून चिडवायचा, ते नाव त्या हसण्यात होतं.

"आंबलंय," मी म्हणालो. "उतरंल."

दुसऱ्या दिवशी गुडघा नारळाएवढा झाला. वहिनीनंच आईला म्हटलं की एकदा दाखवून आणा. सकाळच्या गाडीनं मी सुमनला घेऊन भिवंडीला गेलो. हाडांचे डॉक्टर म्हातारे होते, आता ते नाहीत. त्यांनी गुडघा हातात घेऊन हळूच पुढं-मागं केला, बाजूला केला. मग तिला म्हणाले, बाहेर बसा. मला आत ठेवलं. तेव्हाची पद्धतच होती तशी, बाईचं दुखणं नवऱ्याला सांगायचं.

ते म्हणाले, आतली शीर फाटल्यासारखी वाटते. हा पट्टा बांधा. तीन आठवडे या पायावर वजन टाकू द्यायचं नाही, एक पाऊल नाही. मग मी परत बघतो. आता जपलंत तर जन्मभर काही होणार नाही.

मी 'हो' म्हणालो. गोळ्यांची चिठ्ठी घेतली. दाराशी येईपर्यंत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मी नंतर फार वेळा मोजून पाहिलंय. अर्धं भात उभं होतं. वहिनी पोटुशी होती. पण खरं कारण ते नव्हतं. भात आम्ही तिघा-चौघांनीही कापलं असतं, चार दिवस जास्त लागले असते इतकंच. खरं कारण दादाचं ते हसणं होतं. घरी जाऊन 'तीन आठवडे ती बसून राहणार' असं सांगताना सगळ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं असतं, ती नजर मला नको होती. काल सगळ्यांसमोर मीच म्हणालो होतो, आंबलंय. माझं वय तेव्हा तेवीस होतं. हे मी सुटण्यासाठी सांगत नाही. तेवीसचा माणूस लहान नसतो.

सुमन बाकावर बसली होती, दोन्ही हातांनी गुडघा धरून. मला पाहून तिनं मान वर केली.

"काय म्हणाले?"

"काही नाही. आंबलंय म्हणाले. गोळ्या दिल्यात."

तिचा चेहरा इतका उजळला! "अगंबाई, मला वाटलं मोडलं का काय," ती म्हणाली, आणि हसली. त्या हसण्यासाठी मला कुणी शिक्षा दिली असती तर बरं झालं असतं.

पट्टा मी घेतला नाही. घरी आल्यावर ती स्वतःच आईला म्हणाली, "डॉक्टरपण तेच म्हणाले, आई. तुम्ही बोललात तेच." आईला केवढा आनंद झाला. तिला कुणी डॉक्टरच्या बरोबरीचं कधी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुमन खाचरात उतरली. फडकं घट्ट बांधून, दात दाबून, आणि आता घाबरायचं कारण नाही या भरवशावर तिनं उरलेले सगळे दिवस कापलं. शेवटच्या दिवशी आमच्यापेक्षा तिची पात पुढं होती. मी तिच्या मागच्या पातीत होतो. प्रत्येक वेळी ती उकिडवी बसून उठायची तेव्हा एक क्षण थांबायची, मग उठायची. तो क्षण मला अजून ऐकू येतो.

कापणी झाली की आमच्या घरची एक रीत होती. सगळ्यांनी वज्रेश्वरीला जायचं, देवीला नव्या भाताची लोंबी वाहायची आणि मग खाली गरम पाण्याच्या कुंडात अंग उतरवून यायचं. त्या वर्षीही गेलो. देवळाच्या पायऱ्या चढताना सुमन मागं राहिली. कुंडात पाय सोडून बसलो तेव्हा सगळ्यांचे गुडघे पाण्याखाली सारखेच दिसायला हवे होते, तिचा वेगळा दिसत होता. पाणी हाताला चटका देणारं, गंधकाचा तो उग्र वास. आई एकेकाला विचारत होती, "उतरलं का रे? तुझं उतरलं का?" माझं उतरलं होतं. दादाचं उतरलं होतं. सुमन म्हणाली, "माझं उतरलं न्हाय, आई."

आईनं तिच्या गुडघ्यावर पाणी मारलं, डोक्यावरून हात फिरवला आणि मायेनं म्हणाली, "कच्च्या हाडाची हाय माझी पोर."

मायेनंच म्हणाली. ते नाव तिथं पडलं आणि पुढची एकतीस वर्षं सुमन त्या नावाची झाली. कच्च्या हाडाची. हळदीकुंकवाला बाया खाली सतरंजीवर बसायच्या आणि पंचविशीतली सुमन खुर्चीवर. "तिची हाडं कच्ची हायत," आई सगळ्यांना समजावून सांगायची. आई वाईट नव्हती, हे मला लिहायलाच हवं. सुमनची हाडं पक्की व्हावीत म्हणून तिनं वर्षानुवर्षं रोज सकाळी नाचणीची आंबील करून तिच्या हातात दिली. सुमनला आंबील आवडायची नाही. नाक दाबून प्यायची. मी समोर बसून चहा पीत असायचो.

प्राजू, आमची मुलगी, चालायला लागली तेव्हा तिच्यामागं धावायला मी किंवा आई. सुमन दारात उभी राहून हाका मारायची. प्राजूला ती सांगायची, "नाचणी खा गं. माझ्यासारखी कच्च्या हाडाची होऊ नकोस." पैंजण तिनं कधी काढून ठेवले ते मला आठवत नाही. मुद्दाम काढले असतील. एक पाय पूर्ण वाजायचा आणि दुसरा ओढल्यासारखा, ते तिला ऐकवत नसेल. पुढं आईला घेऊन आम्ही टेमघरला राहायला आलो. तिचे वडील तिथं यायचे, ती आतून चहा घेऊन यायची, आणि ते तिच्या पायांकडे न पाहता खिडकीबाहेर पाहायचे. कानानं लूमचा बिघाड ओळखणारा माणूस तो. त्यांना काय ऐकू येत होतं, मी कधी विचारलं नाही. धोटा हा शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटचे आठ महिने अंथरुणावर होती. तिचं सगळं सुमननं केलं, पलंगापाशी खाली बसून, उठून, पुन्हा बसून. जायच्या आदल्या दिवशी आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "कच्च्या हाडाची असून तिनं माझं सगळं केलं रे." मी मान हलवली. तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. बोललो असतो तर ऐकायला ती होती.

या वर्षी गणपतीनंतर सुमनला पायरी चढता येईना. ठाण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. तरुण डॉक्टर, त्यांनी दोघांना समोर बसवलं, फोटो उजेडावर लावला. सांधा बदलायला हवा म्हणाले, दिवाळीनंतर. मग तिलाच विचारलं, "काकू, जुना मार दिसतोय. खूप वर्षांपूर्वी या गुडघ्याला काही झालं होतं का?"

"नाही हो डॉक्टर. माझी हाडंच पहिल्यापासून कच्ची."

डॉक्टर हसले. "कोण म्हणालं? तुमची हाडं एकदम दणकट आहेत. दुसरा गुडघा बघा तुमचा, चाळिशीतल्या बाईसारखा आहे."

मी फोटोकडे पाहत राहिलो.

परत येताना रिक्षात ती आपला दुसरा गुडघा चाचपत होती. घरी आल्यावर म्हणाली, "ऐकलंत? दणकट म्हणे." दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "दणकट आहेत तर मग हे असं कसं?" प्राजूला फोनवर म्हणाली, "अगं, माझी हाडं चांगली आहेत म्हणे, मग मी अशी कशी?" आठ-दहा दिवस हेच. कधी मला, कधी स्वतःला, कधी नुसतं भिंतीला. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. कोडं सुटत नाही म्हणून त्रासलेल्या मुलीसारखी ती विचारत होती. आणि कोड्याचं उत्तर तिच्यासमोर बसून जेवत होतं.

गेल्या सोमवारी माझी सुट्टी होती. ती म्हणाली, "कापायच्या आधी एकदा कुंडात घालून आणू या पाय. निरोप देऊन येते जुन्या गुडघ्याला." तिचा विनोद अजून तसाच आहे. आम्ही एसटीनं गेलो. दोन्ही बाजूंना गोदामं, मध्येच एखादं खाचर, कापलेलं, पेंढ्या आडव्या पडलेल्या. देवळाच्या पायऱ्या चढणं शक्य नव्हतं, तिनं खालूनच हात जोडले. नदीकाठच्या उघड्या कुंडाच्या पायरीवर आम्ही दोघं पाय सोडून बसलो. गर्दी नव्हती. पलीकडे एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईच्या पाठीवर तांब्यानं पाणी घालत होती.

सुमननं साडी गुडघ्याच्या वर घेतली, पाय पाण्यात घातला आणि डोळे मिटले. "आई विचारायच्या नाही का, उतरलं का म्हणून," ती म्हणाली.

मी बोललो. कसा बोललो ते आठवत नाही, फार वेळ लागला नाही. इतक्या वर्षांची गोष्ट सांगायला एवढाच वेळ लागतो, याची मला शरम वाटली. डॉक्टर आत काय म्हणाले, मी बाहेर येऊन काय म्हणालो, पट्टा घेतला नाही, का घेतला नाही. दादाच्या हसण्याचंही सांगितलं. बांधावरच्या आवाजाचंही.

तिनं डोळे उघडले नाहीत. पाण्यात बुडबुडे येत होते.

"किती दिवस म्हणाले होते?"

"तीन आठवडे."

"तीनच?"

"हो."

तिनं मान हलवली, पाढा बरोबर आला का ते पाहावं तशी. मला वाटलं ती रडेल. मला वाटलं ती मला काहीतरी बोलेल. तसं झालं असतं तर मी ते दोन्ही हातांनी घेतलं असतं. तिनं डोळे उघडले आणि पाण्याखालच्या गुडघ्याकडे पाहत म्हणाली, "आईंना माहीत होतं?"

"नाही. कुणालाच नाही."

"म्हणजे त्यांना शेवटपर्यंत वाटलं, मीच कच्ची."

मी पाण्यातले पाय बाहेर घेतले.

"त्यांना सांगायचं होतंत हो," ती म्हणाली. "मला नसतं सांगितलं तरी चाललं असतं. त्यांना सांगायचं होतं. आंबील तरी बंद झाली असती." आणि ती हसल्यासारखी झाली, पण ते हसणं मध्येच कुठंतरी राहिलं, बांधावर पाय राहिला होता तसं.

काय होईल असं मी समजत होतो कोण जाणे. सांगितलं की उतरेल, असंच काहीतरी मनाशी धरून मी हे इतकी वर्षं वागवलं असणार. आईच्या पोटचा मी. पण आंबलेलं उतरतं. हे आंबलेलं नव्हतं. त्या दिवशीही नव्हतं आणि मला ते माहीत होतं.

निघायची वेळ झाली. एरवी ती उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवते. मी खांदा पुढं केला. तिनं पायरीच्या कडेची भिंत धरली, जोर लावला, थांबली, आणि उठली. ओल्या फरशीवरून एक पाय पूर्ण, एक ओढत, ती चपलांपाशी गेली.

आईच्या पाठीवर पाणी घालणाऱ्या त्या बाईनं वर पाहिलं. "काय झालाय वो ताई पायाला?"

हा प्रश्न तिला बसस्टॉपवर, लग्नांत, दवाखान्यात, बाजारात हजार वेळा विचारला गेलाय, आणि त्याचं उत्तर मला पाठ आहे. हाडंच कच्ची आहेत माझी.

"पडले होते," सुमन म्हणाली. "भातकापणीत. लग्नाच्या वर्षी."

"अगं बाय! मग तवाच डॉक्टरला दाखवायचं न्हाय का?"

"दाखवलं होतं," सुमन म्हणाली, आणि चपलेत पाय घातला.